चटईच्या दोन खुंट्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती जाईपर्यंत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण रविवारी जळगावात माझा सत्कार आहे, आणि शाल घालायला धुळ्याहून सलीम येतोय. कळल्यापासून न जाण्याची निमित्तं शोधतोय.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी धरणगावचा, सलीम धुळ्याच्या विणकरांच्या घरातला. दोघंही सलामीचे फलंदाज. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती आणि जागा — एकच. आमच्याकडे तेव्हा कसली आलीय गवताची खेळपट्टी? काथ्याची चटई अंथरायची, ताणायची, कडेनं लोखंडी खुंट्या ठोकायच्या. ती सैल राहिली की चेंडू कसाही उसळतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा ताणायची, आणि ते काम खेळाडूंनीच करायचं. त्या दिवशी हातोडा माझ्याकडे होता. सकाळी मी स्वस्तात बाद झालो होतो. सुट्टीनंतर सलीमची पाळी होती.

दोन खुंट्या मी ठोकल्याच नाहीत. विसरलो? — नाही. वर्षानुवर्षं स्वतःला तेच सांगत आलो. पण हात थांबला तेव्हा मला पुरतं कळत होतं.

चेंडू त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. सगळे त्याच्याकडे धावले. आणि मी कुठे धावलो, सांगू? — चटईकडे. तो विव्हळत असताना मी त्या दोन खुंट्या ठोकून टाकल्या.

त्याचा डोळा गेला. माझी निवड झाली. प्रथम श्रेणीचे सात सामने खेळलो. प्रत्येक डावाआधी खेळपट्टीभोवती एक फेरी मारायचो. लोक म्हणायचे, शिस्तीचा खेळाडू. कसली शिस्त? प्रेक्षकांत धुळ्याकडचं कुणी दिसलं की मी टोपी डोळ्यांवर ओढायचो. आठव्या सामन्याआधी पाठदुखीचं सोंग घेतलं आणि घरी आलो. भीती मात्र बरोबरच आली. अजून आहे. त्याला माहीत असेल का? माइकवर बोलेल का?

काल त्याचाच फोन आला. हसत होता. म्हणाला, "भाऊ, घाबरू नको, भाषण मोठं नाही करणार." मग आमच्या अहिराणीवर आला, "बठ्ठास्ले इतलंच सांगसू — बॉल बराबर व्हता, मनीच नजर चुकनी. मना वाटानं तू खेळना." म्हणजे सगळ्यांना सांगणार, चेंडू सरळच आला, नजर त्याचीच चुकली, त्याच्या वाट्याचं मी खेळलो; चटईचं नावही काढणार नाही.

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.