मामांची कुत्रागाडी

आमच्या मामांइतका हट्टी माणूस बारामती तालुक्यात झाला नाही, आणि इंदापूरकरांनी राग मानू नये, पण तिकडंही झाला नसावा. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या कऱ्हाटी गावात त्यांना सगळे आबा म्हणत. दाढ दुखली तर ते दाढेलाच शिव्या घालत, डॉक्टरला दाखवत नसत. बावडा गावच्या एका लग्नात पहिल्या पंगतीला कुणी बोलावलं नाही म्हणून हा गृहस्थ उपाशीपोटी चालत निघाला, तो इंदापुरात भोवळ आल्यावरच थांबला. वर आम्हालाच सुनावलं, "भोवळ न्हाय, जरा टेकलो व्हतो."

त्यांची हयात मेंढरांपायी गेली. नव्वद सालानंतर चराईची रानं उसाखाली गेली, पोरं कंपनीत लागली, तेव्हा मामांनी मेंढरं विकून चार म्हशी घेतल्या. राहिली ती राखणीची दोन कुत्री, खंड्या आणि भुऱ्या. वासराएवढी धिप्पाड, लांडग्याला तोंड दिलेली. राखायला काही उरलं नाही म्हणून ती रस्ताच राखू लागली. एकाची शेळी फाडली, पोस्टमनची पोटरी फोडली. शेवटी सरपंचांनी निरोप धाडला, आठ दिवसांत बंदोबस्त करा, नाहीतर भाकरीत औषध घालतो. मामा तडक चावडीवर गेले. "बिनकामाची म्हणून मारताय व्हय? मग कामाला लावतो. कामाच्या जनावराला कोण हात लावतंय बघतोच!"

जुन्या बाजेची लाकडं, सायकलची दोन चाकं आणि वर दुधाचे दोन कॅन, अशी गाडी तयार झाली. गादीवाल्या नूरभाईंनी छातीचे पट्टे कापूस भरून शिवून दिले. "आबा, एवढा मऊ कापूस मी जावयाच्या गादीत पन घातला न्हाय," असं ते वर म्हणालेही. पण बैल मागून हाकायचा असतो एवढंच आमच्या गावाला ठाऊक. मामा गाडीमागं उभे राहून ओरडले, तर कुत्री गाडीसकट गर्रकन वळली आणि त्यांच्या पाठीशी येऊन बसली. मामा पुन्हा मागं गेले, कुत्री पुन्हा त्यांच्या मागं. पाच दिवस हा फेर चालला होता. गाव पोट धरून हसत होतं, आणि मामांची मुदत संपत आली होती.

सहाव्या दिवशी आत्याला राहवलं नाही. "अवो, जलमभर तुमी म्होरं, मधी मेंढरं आन् मागं कुत्री. धन्याच्या म्होरं जातील कशी ती? तुमीच चला म्होरं!"

बायकोचं ऐकल्याचा मामांच्या आयुष्यातला हा एकच प्रसंग. काठी खांद्यावर टाकून ते चालू लागले आणि गाडी गुमान मागं आली. मात्र वळून पाहिलं की कुत्री जागच्या जागी बसत. धनी वळला म्हणजे मुक्काम, हीच त्यांची शिकवण. कुत्री कामाला लागलेली बघून सरपंचांनीही औषधाची गोष्ट सोडून दिली. मग साठीचा माणूस दोन्ही वेळा डेअरीपर्यंत, मान ताठ ठेवून, गाडीपुढं चालू लागला. लोक विचारत, "आबा, गाडी कुत्री वढत्यात का तुमी?"

पुढं त्यांच्या छातीत कळ येऊ लागली. मी म्हणालो, एक दिवस कुत्री बांधा, बारामतीला जाऊन दाखवून येऊ. "एक दिस बांधली की सरपंच म्हणंल, झाली बिनकामाची," एवढंच बोलून ते कॅन धुवायला गेले.

एका सकाळी डेअरीच्या वळणावर मामा कोसळले. मी धावलो. गाडी आडवी झाली होती, दूध वाहत होतं, आणि खंड्या-भुऱ्या मामांच्या दोन्ही अंगांना दात विचकून उभे होते. माझ्या हातची भाकरी खाल्लेली कुत्री, पण मलाही जवळ येऊ देईनात. दवाखान्यात न्यायला जीप येऊन थांबली. मामांचे डोळे उघडे होते, हात हलत होता. आम्ही ओरडलो, भाकरी टाकली, शेवटी दगड मारले. मीही मारले. अर्धा तास गेला, आणि एवढी माणसं असून आम्ही नुसते बघत राहिलो.

मग आत्या आली. तिला कुत्र्यांनी वाट दिली. मामांचे ओठ हलत होते, पण ते काय बोलतात ते ऐकायला ती वाकली नाही. त्यांची काठी उचलून तिनं खांद्यावर टाकली आणि घराकडं चालू लागली. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. कुत्री घुटमळली, मग आडवी गाडी फरफटत तिच्यामागं गेली. आम्ही मामांना जीपमध्ये घातलं. बारामती यायच्या आतच ते गेले.

कुत्र्यांना मारायची भाषा नंतर कुणी केली नाही. आत्याच दूध घालायला जाऊ लागली. एकदा मी गाडीमागून चालत होतो. त्याच वळणावर तिनं, मान न वळवता, विचारलं, "त्या दिशी काय म्हणत व्हते रं ते?"

मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मी म्हणालो, "दूध सांडलं, म्हणत होते."

"आसंच म्हणणार," आत्या म्हणाली. बराच वेळ ती पदरानं तोंड पुसत होती, पण चालायची थांबली नाही.