मधल्या बोटातली अंगठी

माझी जीभ तिखट आहे असं शाळेत सगळेच म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडायचं. यंदाच्या ग्रहांच्या धड्यापर्यंत आवडायचं, असं म्हणते.

चौथीला ग्रह शिकवायचे असले की माझ्या अंगात येतं. फळ्यावर गोल काढून नावं घोकून घेणं मला पटत नाही. मी मुलांना मैदानात नेते. कोराडीच्या आमच्या शाळेच्या मैदानात मधोमध एक कडुनिंब आहे, तो आमचा सूर्य. त्याच्या बुंध्याभोवती सुतळीचा सैल फास टाकायचा, दुसरं टोक एका मुलाच्या हातात द्यायचं आणि त्याने सुतळी ताणून चुन्याची फक्की सांडत गोल फिरायचं. मग सुतळी थोडी वाढवायची आणि पुढची कक्षा. दुपारपर्यंत त्या रेषांवर वीजकेंद्राची राख बसते, म्हणून हे काम शनिवारी, सकाळच्या शाळेत. नंतर चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जो ग्रह निघेल तो त्याने व्हायचा, पुठ्ठ्याची पाटी गळ्यात घालायची आणि पुढच्या शनिवारी सगळ्या शाळेसमोर आपल्या कक्षेत फिरत आपली माहिती सांगायची.

पृथ्वी व्हायला झुंबड असते. शनी मात्र कुणालाच नको असतो, हे मला दरवर्षी ठाऊक असतं, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाटच पाहत असते. कुणीतरी तोंड वाकडं करतं, मग मी माझं ठेवणीतलं भाषण सुरू करते.

यंदा शनीची चिठ्ठी निघाली ती वर्गातल्या एका मुलीला. ही मुलगी काहीही नवीन सांगितलं की विचारायची, "खरंच न मॅडम?" संशय म्हणून नाही. मी हो म्हटलं की तिचं समाधान व्हायचं आणि ते घरी जाऊन आजीला जसंच्या तसं सांगायची. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो हे सांगितलं तेव्हाही तिने तेवढंच विचारलं होतं आणि माझ्या एका होकारावर विश्वास ठेवला होता. माझ्या नवऱ्याने इतका विश्वास माझ्यावर कधी ठेवला नाही.

तिने चिठ्ठी उघडली, वाचली आणि माझ्या हातात परत दिली. हळूच म्हणाली, आजी म्हणते शनीच्या समोर उभं राहायचं नसतं, त्याची नजर लागते. झालं. मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, शनी काय तुझ्या घराचा पत्ता शोधत येणार आहे? एवढ्या मोठ्या आभाळातून त्याला नेमकी तूच दिसणार का? वर्ग हसला. मला हुरूप चढला. शनी म्हणजे वायूचा एक प्रचंड गोळा, त्याला ना डोळे ना नजर, आणि तेल वाहिलं तर ते त्याच्यापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील याचा हिशेब करा, असंही म्हणाले. पोरं लोटपोट. तिचे कान लाल झाले होते. ते मला दिसत होतं, तरी मी थांबले नाही.

हात नाचवून बोलायची मला सवय आहे. त्या हाताकडे बघत ती म्हणाली, "मॅडम, मंग तुमच्या बोटात शनीची अंगठी काहून आहे? माया बाबाच्या बोटात बी अशीच आहे."

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात लोखंडाची अंगठी आहे. काळ्या घोड्याच्या नालेची. मागच्या वर्षी ह्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं, दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा नणंदेने आणून घातली. तिचं मन राखायला घालते, असं मी स्वतःला सांगितलं. हे बरे होऊन नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी आले, नणंद तिच्या गावी गेली, अंगठी बोटातच राहिली. इतके दिवस ती शाळेत कुणाला दिसली असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

सगळ्या वर्गाच्या माना माझ्या हाताकडे वळल्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "ही शनीची नाही. माझं बोट दुखतं म्हणून डॉक्टरांनी दिली आहे. लोखंडाने रक्त नीट फिरतं."

विज्ञान शिकवणाऱ्या बाईने हे सांगितलं. नुसतं खोटं बोलले असते तर एकवेळ चाललं असतं. मी त्याला विज्ञानाचे कपडे घालून उभं केलं.

"खरंच न मॅडम?"

मी हो म्हणाले. तिने माझ्या हातातली चिठ्ठी परत घेतली. मॅडम भीत नाहीत तर आपणही भ्यायचं नाही, असं तिने ठरवलं असावं. दिवसभर मी स्वतःला समजावलं की चला, एका पोरीची भीती तर गेली. पण संध्याकाळी अंगठी काढून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. हे दूध आणायला खाली गेले होते, त्यांना यायला थोडा उशीर झाला. जिन्यात त्यांची पावलं वाजण्याआधीच मी अंगठी पुन्हा घातली होती.

सोमवारी शाळा सुटताना ती मुलगी आजीला घेऊन फाटकाशी उभी दिसली. आजी भांडायला आली आहे असं समजून मी मनात तयारी केली. वैज्ञानिक दृष्टिकोन, संविधानातलं कर्तव्य, सगळं ओठावर आणलं. म्हातारीने नमस्कार केला आणि सरळ माझा हात हातात घेऊन अंगठी निरखली. तिचा मुलगा, म्हणजे या मुलीचा बाप, कोळशाचा ट्रक चालवतो. गाडी उलटून तो वाचला तेव्हापासून त्याच्याही बोटात अशीच आहे, असं तिने सांगितलं. मग हसून म्हणाली, पोरगी घरी येऊन सांगते की मॅडमची अंगठी रक्त फिरायसाठी आहे. तिने नातीला समजावलं होतं म्हणे, की लहान पोरांना कोण खरं सांगतं.

मग तिने आवाज खाली आणला. "कोणावर आहे साडेसाती? तुमच्यावर का मालकावर?"

मला म्हणता आलं असतं की असलं काही नसतं. नातीसमोर तेवढं तरी म्हणायला हवं होतं. पण तिने इतक्या मायेने विचारलं की माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्यांच्यावर."

तिने कनवटीची काळ्या उडदाची पुडी काढून माझ्या मुठीत दिली. "शनिवारी मारुतीले वाहजो. अन् भिऊ नको वं, जाते सारं." मघाशी मी तिच्यासाठी ‘तुम्ही’ होते, आता तिच्या घरातली झाले होते. तिच्या लेखी आम्ही दोघी एकाच रांगेत, आपापल्या माणसासाठी घाबरलेल्या. ते खोटंही नव्हतं, आणि म्हणूनच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी आमच्या मध्ये उभी होती. तिने आधी पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत वर्गात तिने एकदाही "खरंच न मॅडम" विचारलं नाही. मी मुद्दाम नवनवीन गोष्टी सांगून पाहिल्या.

तिला बाजूला घेऊन खरं सांगावं असं रोज वाटायचं. काय सांगणार होते? की शनीला नजर नसते हे मला ठाऊक आहे आणि तरी मी भिते? हे वाक्य मी नंदनवन ते कोराडी बसमध्ये बसून जुळवायची आणि शाळेच्या फाटकात सोडून द्यायची.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली. शनीची पाटी गळ्यात होती. घरी पुठ्ठ्याचं मोठं कडं कापून त्याला चांदीचा कागद लावला होता, ते कमरेभोवती घातलं होतं. इतका सुंदर शनी आमच्या मैदानात आजवर झाला नव्हता. आजीने येऊ दिलं का, असं मी विचारलं. तिने मान डोलावली, बस. मग मीच विषय काढला. तुझ्या कड्यांबद्दल काय सांगायचं ते लक्षात आहे ना, ती बर्फाच्या आणि दगडांच्या तुकड्यांची असतात, लांबून सलग दिसतात.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिच्या त्या नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहत होते. ती म्हणाली, "मॅडम, पुस्तकात दाखवा न."

पुरावा मागा, मी सांगते म्हणून मानू नका, असं मी वर्षानुवर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडत आले आहे. पहिल्यांदा कुणीतरी तो मागितला होता आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. ग्रंथालयातून ग्रहांचं पुस्तक आणलं, पान काढलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. सवयीने मधलंच बोट ठेवलं गेलं. तिने माझा हात हळूच बाजूला केला, स्वतःचं बोट ठेवून ती ओळ शेवटपर्यंत वाचली, आणि कडं सावरत आपल्या कक्षेत जाऊन उभी राहिली.