खाटेएवढं हिरवं

थावराकाका धरणाच्या पायथ्याशी आले की चपला काढून काखेत धरत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत. सावकाश, एकेक पाऊल दाबून. पौषातल्या थंडीतही. मी नुकतीच शाखा अभियंता होऊन घाटंजीला आले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याचा काही नवस असेल. विचारलं तर हसले. "नवस कायचा मॅडम? ओल पाहून राह्यलो. डोयाले उशिरा दिसते, पायाले पहिले समजते."

धरण म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. दोन टेकड्यांमध्ये घातलेली मातीची भिंत, एका अंगाला सांडवा, खाली नाला आणि नाल्याच्या काठावर काकांचाच तांडा. दुष्काळी कामावर ही भिंत उभी राहिली तेव्हा काकांच्या आईनं टोपल्यांनी माती वाहिली होती. पुढे काका तिथलेच रोजंदारीवरचे चौकीदार झाले. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही, पण माझ्या चार वर्षांच्या पुस्तकांचं सार त्यांनी एका दमात सांगितलं होतं. "मातीचं धरण पाझरतेच मॅडम. निवय, साफ पाझरलं तं भेव नाही. गढूय आलं का समजा, पाण्यासंगं भिंत चालली."

मग आमच्याकडे पर्यटन आलं. बदकाच्या आकाराच्या बोटी आल्या, सिमेंटचे बाक आले, फोटो काढायला लोखंडी बदाम आला. आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की भिंतीच्या पायथ्याशी हिरवळ लावायची. लावली! दिवसभर फवारे थुईथुई उडायचे आणि दर रविवारी यवतमाळहून माणसं डबे घेऊन यायची. काका चपला काखेत धरून त्या चिखलात उभे राहिले. म्हणाले, "माह्ये पाय आंधये केले तुमी लोकायनं."

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की फवारे आठ दिवस बंद ठेवा. "सारं गवत वायून जाईन. जिथं नाही वायलं, तिथं धरणातलं पाणी बाहेर येऊन राह्यलं. खाली माहा तांडा हाये मॅडम, लेकरंबाकरं हायेत."

मला पटलं. अगदी पटलं. मी मोठ्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, पंधरा दिवसांवर पर्यटनस्थळाचं उद्घाटन आलंय आणि तुम्ही हिरवळ वाळवायला निघालात?" मी फोन ठेवला. काकांना सांगितलं, "उद्घाटन होऊन जाऊ द्या, मग बघू."

"पाणी कोनाच्या उद्घाटनाले थांबते का मॅडम?" काका म्हणाले आणि त्याच दिवशी त्यांनी आपल्या हातानं फवाऱ्यांचा कॉक बंद केला. भर मे महिना होता. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. "या पाहाले. सारं वायलं, पन तिसऱ्या बाकाखाली खाटेएवढं हिरवं हाये." मी मीटिंगमध्ये होते. सोमवारी येते म्हटलं.

सोमवारच्या आधी मोठे साहेब तयारी बघायला आले. पिवळं पडलेलं गवत पाहून त्यांचं पित्त खवळलं. संध्याकाळपर्यंत काकांना कामावरून काढल्याचं पत्र तयार झालं. मजकूर माझा, खाली सहीही माझीच. काकांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते मलाच वाचून दाखवावं लागलं. 'कर्तव्यात कसूर' वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या हिरव्या जागेचं लिहिलं हाये का याच्यात?"

"नाही काका."

"मंग अर्धंच लिहिलं मॅडम तुमी."

फवारे पुन्हा सुरू झाले. पावसाळ्याआधीच्या तपासणीला मी तिसऱ्या बाकाखाली हात लावून पाहिला. ओलं होतं. पण तिथे सगळंच ओलं होतं. फॉर्मवर लिहिलं, 'पाझर आढळला नाही.' हे काही खोटं नाही, अशी मनाची समजूत घातली. आज लाज वाटते, पण घातली.

काम गेलं तरी काका रोज येत राहिले. श्रावणात तीन दिवस पाऊस कोसळला आणि रविवारी सकाळी माझा फोन वाजला. "मॅडम, गढूय आलं." एवढंच बोलले. मी होते तशी जीपमध्ये बसले.

पुढचं तांड्यातल्या लोकांनी सांगितलं. काकांनी तांडाप्रमुख नाईकाच्या दारातला होळीचा नगारा बडवला आणि दारोदारी जाऊन म्हातारीकोतारी, लेकरं, सगळ्यांना टेकडीवर पिटाळलं. तांडा रिकामा झाला. पण वर भिंतीवर, छत्र्या धरून, एक कुटुंब सांडव्याचे फोटो काढत उभं होतं. काका खालून ओरडले. पावसात ऐकू जाईना, म्हणून ते वर चढले. ती माणसं पळाली आणि वाचली. सत्तरीच्या काकांना तेवढं पळवलं नाही.

मी पोचले तेव्हा भिंतीला मधोमध खिंडार पडलं होतं, तिसऱ्या बाकाच्या जागी. तांड्यातली अर्धी घरं वाहून गेली होती. माणूस एकच गेला. काका दुसऱ्या दिवशी खालच्या कपाशीत सापडले.

चौकशी लागली. "अतिवृष्टी लिहा, सगळेच सुटू," मोठे साहेब म्हणाले. या खेपेला मी सगळं लिहिलं. फवारे, तिसरा बाक, काकांचा फोन, माझा सोमवार, माझा फॉर्म, माझी सही. त्याचं जे व्हायचं ते होईल. काकांचे दिवस झाल्यावर मी तो कागद घेऊन काकूंकडे गेले. त्यांनाही वाचता येत नाही. शाळेच्या खोलीत, जिथे तांडा राहायला होता, मी त्यांना वाचून दाखवला. हिरव्या जागेपाशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

त्यांनी पदर सारखा केला. आवाजात राग नव्हता.

"बराबर लिहिलं बाई. पन हे तवाच लिहाचं होतं नं."