दुसरी वाट कुठाय?

शोभा पहिल्यांदा आमच्या लातूरच्या घरी आली तेव्हा तिने चहाचा कप हातात घेतला आणि बसायच्या आधीच विचारले, "बाई, मागचं दार कुठाय?" मी दाखवले. दारासमोर तुमच्या आजोबांच्या पुस्तकांचे लोखंडी कपाट उभे होते. "मग हे दार न्हाई, भिंत हाय," ती म्हणाली आणि शांतपणे चहा प्यायली. मला राग आला. पाहुण्याने येऊन घरातल्या चुका काढाव्यात, हे माझ्या शिस्तीत बसत नव्हते.

तुम्ही दोघांनी तिला पाहिलेले नाही, म्हणून नीट सांगते. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी लातुरातल्या एका मोठ्या कोचिंग संस्थेचे कार्यालय सांभाळत होते. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि बाहेरगावची मुले खोल्या घेऊन राहत होती. संस्थेने नांदेडलाही शाखा काढली. लातूरचा सर्व्हर आणि नांदेडचे संगणक एकमेकांना जोडायचे, ते सगळे जाळे आखायचे आणि चालू ठेवायचे, हे शोभाचे काम. ती निलंग्याकडच्या खेड्यातली, नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेली इंजिनिअर. पण आमचे संचालक शेवटपर्यंत म्हणत, "बोलवा त्या वायरवालीला." तिच्या जागी पुरुष असता तर त्याला साहेब म्हटले असते. हे मी तेव्हाही बोलले होते, आजही बोलते.

शोभा आधी कागदावर नकाशा काढी, मगच वायरीला हात लावी. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. आणि प्रत्येक कामात तिचा एकच प्रश्न: "हे तुटलं तर दुसरी वाट कुठाय?"

एकदा मी चिडून म्हणाले, "तुला सगळे तुटलेलेच दिसते का गं?"

ती वायर सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, भूकंपात आमच्या माळवदाच्या घराला एकच दार होतं. मी अंगणात निजले होते म्हून वाचले. आई दारापातूर आली होती."

मग तिने वायरीचे दुसरे टोक सोलायला घेतले. पुन्हा मी तिला असे काही विचारले नाही.

नांदेडच्या शाखेसाठी तिने इंटरनेटच्या दोन लाइनी मागितल्या. संचालकांनी दिल्या, पण दोन्ही एकाच चरातून आणल्या. "दोन कंपन्यांच्या दोन लाइनी आहेत. अजून काय पाहिजे?" ते म्हणाले.

"सर, चर तर एकच हाय," शोभा म्हणाली. "खोदणारा काय कंपनी बघून खोदतो का?"

खोलीतले सगळे हसले. संचालक हसले नाहीत. तिने नकाशा जोडून रीतसर पत्र दिले की दुसरी लाइन इमारतीच्या मागच्या रस्त्याने आणावी. संचालकांनी ते न वाचताच माझ्याकडे सरकवले. "लावा किरकोळमध्ये." मी आवक क्रमांक टाकला, भोके पाडली आणि पत्र किरकोळच्या फाइलला लावले.

मोठ्या चाचणीच्या सकाळी नळाच्या कामासाठी शाखेसमोर जेसीबी आला आणि दोन्ही लाइनी एका फटक्यात तुटल्या. मुले कोऱ्या पडद्यांसमोर बसून राहिली. देगलूर-किनवटहून आलेले त्यांचे आईबाप फाटकाबाहेर ताटकळले. दुसऱ्या दिवशी संचालकांनी शोभाला बोलावून एक कागद पुढे केला. निष्काळजीपणा झाला, पूर्वसूचना दिली नाही, असे त्यात लिहिले होते. सही करून माफी मागायची, नाहीतर नोकरी सोडायची.

मी ताडकन उठले, फाइल आणली आणि तिचे पत्र उघडून टेबलावर ठेवले. संचालकांनी पत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. फाइल मिटली आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवले.

"मॅडम, हे अक्षर तुमचंच ना? किरकोळ. मग किरकोळ कागद मी कशाला वाचू?"

माझ्या वळणदार अक्षराचा मला जन्मभर अभिमान होता. त्या दिवशी ते अक्षर माझ्याकडेच बघत होते.

शोभाच म्हणाली, "बाईंना काही बोलू नका, सर. माफी मी मागणार न्हाई. राजीनामा लिहून देते, तेवढा घ्या."

महिन्याभरात दुसरी लाइन आली. मागच्या रस्त्यानेच, तिच्याच नकाशाबरहुकूम. नकाशाखाली नाव मात्र संचालकांच्या मेहुण्याचे होते, ज्याला वायर कुठल्या टोकाने धरतात हेही ठाऊक नव्हते. याचा संताप अजून गेलेला नाही. त्यातला निम्मा माझ्यावरचा आहे, कारण मी त्यानंतरही दोन वर्षे त्याच टेबलाशी बसले.

ती गेली त्या दिवशी मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. मला माफी मागायची होती. तिने मला ते बोलूच दिले नाही. रिक्षात बसता बसता म्हणाली, "बाई, तेवढं कपाट सरकवा."

त्याच संध्याकाळी आजोबांनी आणि मी सगळी पुस्तके काढून ते कपाट हलवले. सुट्टीत आलात की तुम्ही दोघे विचारता, एवढे मोठे धूड बैठकीच्या मधोमध का ठेवले आहे. दुसरीकडे कुठे मावत नाही, म्हणून. तुमचे अंगठे ठेचतात, ते ठेचू देत. मागच्या दारासमोर काही ठेवायचे नाही.