उशाशी तापलेला बोर्ड

तापल्या प्लॅस्टिकचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्यात, सुकत घातलेल्या मासळीच्या दर्पातही तो मला वेगळा ओळखू येतो.

माझा भाऊ मस्कतहून विजेची किटली घेऊन आला. अम्मीचे गुडघे शेकायला पाणी चुटकीसरशी उकळावं, ही त्याची माया. तिकडची पिन जाड, चौकोनी. आपल्या भिंतीत शिरेना. मग परदेशी पिनेला वाट करून देणारा, आमच्या किनाऱ्यावर घरोघरी सापडणारा अडॅप्टर निघाला आणि किटली अम्मीच्या उशाशी असलेल्या लहान सॉकेटला लागली. अम्मीला आधाराशिवाय उठता येत नाही, म्हणून सगळं तिच्या हाताशी.

एका दुपारी शेकाची पिशवी भरायला गेले, तर बोर्ड पिवळा पडलेला. हात लावला तर चटका. मी घाईने मेन स्विच बंद केला. अम्मी शांतपणे म्हणाली, "वास कधीचा येत होता गो. पन तो एवढ्या लांबून हौसेनं घेऊन आला, त्याला काय बोलू?" ती उठून पळूही शकली नसती.

वायरमनने जळकं सॉकेट काढून तिथे तसंच दुसरं लावलं आणि किटलीसाठी स्वयंपाकघरात जाड तारेचं नवं बसवलं. जुन्यावर बारीक अक्षरांत सहा अँपिअर, नव्यावर सोळा. आणि किटली ओढत होती तेरा. सॉकेटांची ती दोन तोंडं पाहून मी थक्क झाले. सोळाची पिन सहाच्या भोकांत शिरतच नाही! ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं, की इथे एवढाच भार, असा विचार कुणीतरी किती ममतेने केला असेल? डोंगरदऱ्या ओलांडून येणाऱ्या त्या अदृश्य, प्रचंड शक्तीपुढे अंगठ्याएवढी वस्तू मर्यादा सांगत उभी असते, आणि आपण अडॅप्टर लावून तिचा नकार गप्प करतो. माणसाच्या अंगावर मात्र कुठे कोरलेलं असतं, की याला इतकंच सोसेल?

अम्मीच्या उशाशी आता फक्त छोटा दिवा लागतो. तरी येता-जाता मी तिथे वास घेते, बोर्डावर तळवा टेकवते. तो गार असतो. मग तोच हात तिच्या गुडघ्यावर ठेवून विचारते, दुखतंय का. ती "नाय गो" म्हणते. मी हात काढत नाही.