बारा पत्र्यांचा आहेर

टीव्हीवरच्या वादळांना नावं असतात आणि ती यायच्या आधी चार दिवस सांगून येतात. आमच्याकडचं वादळ मे महिन्यात दुपारच्या चहाच्या वेळी आलं आणि अर्ध्या तासात निघूनही गेलं. शहरात, बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत दुकानाच्या दोन पाट्या पडल्या, एवढंच. पण चांदनी गावाच्या वाटेवर केळीवाल्यांची लहानशी वस्ती आहे. तिथली केळी आडवी झाली आणि घरांवरचे पत्रे नाल्यापलीकडे जाऊन पडले.

आमच्या समोर राहणारे काका कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. रिकामपणाने ते इतके गांजले होते, की वादळाचा सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच झाला असं आई म्हणते. दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांनी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, लोकांकडून पत्रे मिळवले, टेम्पो ठरवला आणि कामं वाटली. माझ्या वाट्याला फोटो आले. "ही बोलत नाही, म्हणजे हात हलणार नाही," असं काकांचं म्हणणं. मी इंग्रजी शाळेत शिकले. कोणी मराठीत काही विचारलं की मी मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. तोंडासमोर फोन धरायचं काम मला आवडलं.

नियम एकच होता: ज्याला पत्रे, त्याचा फोटो. देणाऱ्यांना दिसायला हवं. काका एकेकाला उभं करायचे. "पत्र्याला हात लावा. इकडं बघा. हसू नका. अहो, इतकं रडकं तोंडही नको."

शेवटचं घर एका मावशींचं होतं. भिंती शाबूत, वर नुसतं आभाळ. नाल्यातून शोधून आणलेले तीन वाकडे पत्रे त्या मुसळाने ठोकून सरळ करत होत्या. आम्हाला बघताच मुसळ ठेवून त्यांनी चहा टाकला.

"वहिनी, बारा पत्रे तुमचे," काका म्हणाले. "इथं उभ्या राहा."

"नको, भाऊ."

"नको म्हणजे?"

"फुकटचं घेत नाही मी. आन फोटो तं बिलकुल नको. माह्या व्याह्यांच्या मोबाईलवर गेला म्हंजे?"

मग सगळं कळलं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. रविवारी तिला आठवा महिना लागत होता आणि आठव्यात सासरचे तिला गाडीत बसवणार नव्हते. वादळाची बातमी ऐकून सासूने निरोप धाडला होता, की छप्पर नसेल तर सून इथेच राहील. लेकीने फोनवर विचारलं, "माय, मी येऊ ना?" आणि मावशींनी सांगून टाकलं, "ये."

"मग छप्पर आणणार कुठून?" काकांनी विचारलं.

"आनीन," म्हणत मावशींनी मुसळ उचललं.

निघताना मी त्यांना आईने दिलेला खिचडीचा डबा दिला. तो मात्र त्यांनी घेतला. खिचडी पातेल्यात काढली, डबा धुतला, शेंगदाण्याच्या चटणीने गच्च भरला आणि वर वादळात पडलेल्या घडातली कच्ची केळी माझ्या कडेवर दिली. "रिकामा डबा देतात का, पोरी?" खरं तर अख्ख्या वस्तीने तेच केलं होतं. जाताना भरलेला टेम्पो येताना केळ्यांनी जास्तच भरला होता.

संध्याकाळी काकांकडे बैठक झाली. "पत्रे नाकारले, असं लिहून मावशींची सही घेऊ," असा काकांचा विचार होता. मी आईच्या शेजारी बसले होते. तिथूनच तिला मेसेज केला: 'मावशींनी खिचडी घेतली, पण डबा भरून दिला. पत्रे असे द्या, की त्यांनाही बदल्यात काही देता येईल.'

आईने चष्मा लावून तो मोठ्याने वाचला. "कोणाचा आहे हा?"

"तुमच्या पोरीचा," काका म्हणाले. "ती तुमच्या मांडीला मांडी लावून बसलीय."

आईने माझ्याकडे बघितलं, मग टाळी वाजवली. "आहेर! आहेराला कोण नाही म्हणतं?"

"पत्र्यांचा आहेर?"

"लग्नात लोखंडी कपाट देतात, तेव्हा विचारता का?"

शुक्रवारी सकाळी आईने बाराही पत्र्यांना हळदकुंकू लावलं. टेम्पोवाल्याने विचारलं, "शादी किसकी है?" काका पत्र्यांवर थाप मारून म्हणाले, "चद्दरों की. चलो."

मावशी दारातच भेटल्या. काकांकडे बोट दाखवून आई म्हणाली, "ताई, तुम्ही यांना भाऊ म्हणालात. म्हणजे हे तुमच्या लेकीचे मामा झाले. मामाचा आहेर दारातून परत पाठवता का?"

मावशींनी पत्र्यावरच्या कुंकवाला बोट लावून बघितलं. "आहेर हाय?"

"आहेरच आहे."

"मंग उतरवा. पन तसंच जायचं नाही."

त्यांनी ट्रंक उघडली. लेकीच्या बाळाच्या बारशासाठी जमवलेलं त्यात सगळं होतं. आईला आणि मला खण मिळाला. काकांना टॉवेल-टोपी मिळाली, टेम्पोवाल्यालाही मिळाली. काका नको-नको करायला लागले, तशा मावशी म्हणाल्या, "का? फुकटचं घेत नाही का तुमी?" काकांनी मुकाट्याने टोपी घातली.

"आता काढ फोटो," त्या मला म्हणाल्या. "आन माह्या व्याह्यांना धाड."

मी काढला. मावशी मधोमध ताठ उभ्या आहेत, आणि दोन्ही बाजूंना काका आणि टेम्पोवाला, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर पांढरी टोपी. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या लोकांनी पत्रे चढवले, हळदकुंकू आतल्या बाजूला ठेवून.

शनिवारी लेक आली. मावशींनी फोनवर सांगितलं, की विहीणबाईंनी घरात पाऊल टाकताच आधी मान वर केली आणि एकेक पत्रा मोजून विचारलं, "एवढा आहेर कोनाकडून?" मावशी म्हणाल्या, "तिच्या बुधवाऱ्याच्या मामाकडून."

तोच फोटो काकांनी ग्रुपवरही टाकला होता. खाली एका देणगीदाराने विचारलंय, "यात वादळग्रस्त कोण?"