भोंगासर आणि मंजूर वाक्य

बार्शीटाकळीचे पीटीचे मास्तर देवमन तायडे यांना अख्खा जिल्हा भोंगासर म्हणतो. बावीस वर्षं अकोल्यातल्या क्रीडा महोत्सवाचा माइक त्यांच्याच हातात. पोरगं पडलं तर गावासकट नाव घेऊन उठवणार, पंच चुकला तर त्यालाही सोडणार नाहीत. घरी बायकोपुढे, सुंदराबाईंपुढे मात्र त्यांचा आवाज फुटत नाही, म्हणून माइकवर जीव जरा जास्तच.

यंदा महोत्सव बारा खेळांचा झाला आणि समितीला मोठेपण आलं. मोठेपण आलं म्हणजे संकटाचं नियोजनही आलंच. अध्यक्ष किसनरावांनी पुण्याहून तज्ज्ञ बोलावला. त्याने तीन दिवस हॉटेलात राहून चौऱ्याऐंशी पानांचा 'संकटकालीन संवाद आराखडा' तयार केला. त्यात 'संकट' हा शब्द उच्चारायलाच बंदी होती. आग लागो की मांडव पडो, माइकवरून एकच मंजूर वाक्य म्हणायचं, म्हणजे लोक घाबरणार नाहीत आणि स्वयंसेवक तेवढे सावध होतील. हॉटेलच्या मालकिणीच्या तोंडून ऐकलेलं एक घरगुती वाक्य तज्ज्ञाला भलतंच गोड वाटलं होतं: "नळ आले."

बैठकीत देवमनसरांनी हात वर केला. "साहेब, हे नका ठेवू. अकोल्यात आठ-आठ दिवसांनी पानी येते, नळ आले म्हटलं का मानूस भरल्या ताटावरून उठते."

"तुमाले काय समजते त्यातलं? पुण्याचे तज्ज्ञ हायेत ते," किसनराव म्हणाले.

"म्हनूनच तं सांगून राह्यलो."

किसनरावांनी ठरावात एक ओळ वाढवली: नामंजूर शब्द उच्चारणाऱ्याचा माइक कायमचा काढून घेण्यात येईल. ती ओळ कोणासाठी आहे, हे विचारायची कोणालाच गरज पडली नाही.

महोत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी खो-खोच्या मैदानालगतच्या टाकीवरचं आग्या मोहोळ उठलं. खाली दोनशे पोरी. पण सरांना माइकही जिवाचाच होता. त्यांनी मंजूर वाक्य म्हटलं, "नळ आले."

गॅलरीतल्या बाया पदर खोचून फाटकाकडे निघाल्या. स्वयंसेवकही अकोल्याचेच, त्यांनी घरी फोन लावले. मंचावर आराखडा मांडीवर उघडा ठेवून किसनराव बायकोला सांगत होते, "अवो लीला, मोटर लाव लवकर, नळ आले."

मैदानात दर्यापूरची एक पोरगी दोन्ही हातांनी माशा हाकलत रडत होती. तिला पाहून सरांना स्वतःचीच लाज वाटली.

"पोरीहो, माशा उठल्या," ते माइकवर म्हणाले. "हात हलवू नका. टी-शर्टात तोंड खुपसा अन् सरळ हॉलमंधी चाला. मी मोजून राह्यलो."

पाच मिनिटांत मैदान रिकामं झालं. अकरा जणींना माशा चावल्या, बाकीच्या धडधाकट. शेवटची पोरगी आत गेल्यावरच सरांनी माइक खाली ठेवला.

समितीच्या अहवालात आराखडा शंभर टक्के यशस्वी ठरला. तज्ज्ञाला शाल-श्रीफळ मिळालं आणि सरांना नोटीस: माइक काढून घेण्यात येत आहे, 'माशा' हा नामंजूर शब्द का उच्चारला याचा लेखी खुलासा करावा. बावीस वर्षांचा माइक गेला म्हणून सर सुंदराबाईंपुढे रडले, खोटं कशाला सांगा.

मग डोळे पुसून त्यांनी खुलासा लिहिला, दोनच वाक्यांचा. "मंजूर वाक्य आधी उच्चारले होते. त्यावर माननीय अध्यक्षांनी तातडीने घरची मोटर लावून घेतली."